पहिलं बटन देवाचं

विजयश्रीनं पॅन्ट्रीतल्या फ्रीजचं दार उघडलं, दह्याचा डबा आणि कुणाचं तरी अर्धं लिंबू बाजूला सारलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सर्किट बोर्ड दुधाच्या पिशव्यांमागे उभा करून ठेवला. पिशवीतून बाहेर आलेल्या दोन तारा दाराच्या रबराखालून ओढून घेत तिनं दार लावलं. मग ओढणी सावरून ती स्टुलावर बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला.

"ताई, विरजण लावलंय का?" चहाचा कप घेऊन आलेल्या अंजलीनं विचारलं.

"चार डिग्रीला आणायचाय. पुण्याच्या लॅबमधलं थंडीचं चेंबर मंगळवारशिवाय मोकळं नाही म्हणतात."

"आणि गाडी उद्या."

"उद्या संध्याकाळी."

भोसरीतली त्यांची कंपनी पॉवर प्रेसचे कंट्रोल बॉक्स बनवायची. पत्र्याला आकार देणाऱ्या त्या मशीनचा रॅम, म्हणजे वरचा अवजड ठोकळा, कधी खाली येणार, किती वेळ वर थांबणार, किती ठोके झाले, हे सगळं त्या डब्याएवढ्या बॉक्समध्ये ठरायचं. बॉक्स सुरू झाला की आतला प्रोसेसर जागा होतो, पण त्या क्षणी त्याला स्वतःची मेमरीसुद्धा ओळखू येत नसते. कोणत्या तारेवरून निरोप किती उशिरानं येतो, हे आधी मेमरीच्या कंट्रोलरला सांगून द्यावं लागतं. बाकीचं सगळं त्यानंतर. हे पहिलं काम करणारा छोटा प्रोग्रॅम, ज्याला बूटलोडर म्हणतात, तो या दोघींच्या हातचा होता.

जुन्या पॉवरपीसी प्रोसेसरला ते आकडे एका तक्त्यात लिहून दिले की भागायचं. तो सावकाशीनं चालणारा, थोडं इकडेतिकडे चालवून घेणारा. ती चिप बाजारात मिळेनाशी झाली तेव्हा एआरएम आला आणि यंदा रिस्क-फाइव्ह. हे चपळ. सुरू होताना यांनी दर वेळी आपल्या तारा स्वतःच मोजून घ्याव्यात, अशी सोय त्यांच्यात असते. पण त्या मोजणीला दीड सेकंद लागायचा, आणि ग्राहकाला बॉक्स दोन सेकंदांत सुरू झालेला हवा होता. म्हणून मोजणी बंद करून पुन्हा तक्ताच बसवला होता. मेमरीची चिप तीच, म्हणून तक्ताही तोच. अंजलीनं फक्त नव्या वेगाच्या हिशेबानं आकडे बदलून घेतले होते.

तासाभरानं विजयश्रीनं बटन दाबलं. लॅपटॉपच्या पडद्यावर एक ओळही उमटली नाही. तिनं बंद केलं, पुन्हा दाबलं. या वेळी ओळी भराभर खाली उतरल्या.

"योगायोग," अंजली म्हणाली.

विजयश्रीनं बोर्ड पुन्हा थंड होऊ दिला. पुन्हा तेच. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा सुरू. तिसऱ्या खेपेलाही तसंच झालं तेव्हा अंजलीनं कप ओट्यावर ठेवला. त्यातला चहा संपला नव्हता.

"पहिल्या वेळी धडपडताना चिप जराशी गरम होते," विजयश्री हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज तसाही कधी चढायचा नाही. मीटिंगमध्ये लोक तिला दोनदा विचारायचे. "तेवढ्या उबेवर दुसऱ्या वेळी निभावतं."

"पण निभावतं म्हणजे..."

"काठावर."

रविराज त्यांचा विभागप्रमुख, वयानं विजयश्रीपेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो खुर्चीत मागे रेलला.

"मॅडम, फ्रीजमध्ये कोण प्रेस चालवतं?"

"चाकणला पहाटे सात-आठ डिग्री असतं सर. शेडचा पत्रा तर त्याहून गार."

"तिथेच जवळ कुरुळीच्या शेडमध्ये ऑक्टोबरपासून आपले अकरा बॉक्स चालू आहेत. हेच बॉक्स, हाच प्रोसेसर. तक्रारी किती?" त्यानं अंगठा आणि बोट जुळवून गोल करून दाखवला. "उद्या साठ बॉक्स जायचेत. चार वाजता रिलीज फॉर्मवर तुमची सही हवी."

"उद्या सकाळी कुरुळीला जाऊन बघून येते."

"या की. तुमचं तर पहाटेचं उठणं असतंच. देवदर्शन करून या."

तिनं मान डोलावली. असल्या बोलण्याला उत्तर द्यायची तिला सवय नव्हती. सूर्योदयापर्यंत मौन, मग स्नान, दिवा, पोथीतलं एक पान आणि त्यानंतरच पाण्याचा घोट, हा तिचा नेम ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होता. नवऱ्याच्या दुखण्यात तिनं तो धरला होता. तो बरा होऊन कामावर जायला लागला, पण नेम राहिला. अकरा वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

शुक्रवारी सव्वापाचला तिनं दिघीहून स्कूटर काढली. मोशीच्या पुढे रस्त्यावर धुकं उतरलं होतं, समोरच्या कंटेनरचे लाल दिवे तेवढे दिसत होते. हातमोज्यातली बोटं ब्रेकवर वळेनात. कुरुळीच्या फाट्यावर चहाच्या टपरीभोवती मफलर गुंडाळलेली माणसं उभ्यानं पाव खात होती. तिनं गेटवर कार्ड दाखवलं. सुपरवायझरला आदल्या दिवशीच फोन केलेला होता, त्यामुळे वॉचमननं काही विचारलं नाही. ते बरंच झालं.

आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. दोन रांगांत अकरा प्रेस उभे, आणि पहिल्या प्रेसपाशी साठीकडे झुकलेला एक माणूस स्वेटरवर कंपनीचा शर्ट चढवून खालचा साचा, डाय, पुसत होता. शर्टावर दत्तोबा असं नाव शिवलेलं होतं.

"तुमी भोसरीच्या ना? बॉक्सवाल्या?"

तिनं मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं आणि शेडच्या वरच्या फटीकडे दाखवलं. फट अजून काळीच होती.

"मौन हाय व्हय? दिस उगवस्तोवर?" दत्तोबाला त्यात काही नवल वाटलं नाही. "आमची आई धरायची, पन निस्तं सोमवारचं. बरं हाय. हितं तसं बी कोन कुनाचं ऐकतंय!"

सहाचा भोंगा झाला. दत्तोबानं फडकं खांद्यावर टाकलं, बॉक्सचं हिरवं बटन दाबलं आणि डोळे मिटून हात जोडले. रांगेतल्या सगळ्यांनीच हात जोडले. कानात इअरफोन अडकवून गाणी ऐकणाऱ्या कोपऱ्यातल्या पोरानंसुद्धा. शेडमध्ये क्षणभर काहीच वाजलं नाही. विजयश्रीचेही हात आपोआप जुळले आणि मान खाली गेली. तिला ते आवडलं. पोटाला देणाऱ्या यंत्राला सकाळी नमस्कार केल्यावाचून हात लावू नये, असं तिलाही वाटायचं. घरी ती गॅसच्या शेगडीलासुद्धा करायची.

मान वर केली तेव्हा बॉक्सवरचा दिवा लाल होता.

दोन सेकंदांत तो हिरवा व्हायला हवा होता. तिनं रांगेकडे पाहिलं. अकरांपैकी नऊ दिवे लाल होते.

दत्तोबानं सावकाश डोळे उघडले, बटन बंद केलं आणि पुन्हा दाबलं. दिवा हिरवा झाला. रांगेत एकापाठोपाठ एक हिरवे झाले.

"पयलं बटन देवाचं," तो समजावून सांगायच्या सुरात म्हणाला, "दुसरं आपलं. नवं बॉक्स बशिवलं ना, तवा एक दिस माझं चालूच हुईना. मला वाटलं, आज आपन हात न जोडताच दाबलं, त्येचंच हाय हे. मंग बंद केलं, हात जोडलं, परत दाबलं, तर झालं की चालू! तवापास्न पयलं त्येला देतो. माझं बघून समद्यांनी धरलं. आता थंडीत तर देव रोजच घेतोय बघा."

विजयश्रीच्या ओठांशी प्रश्न आला होता. तिनं पर्समधून डायरी काढली, 'रजिस्टरमध्ये लिहिता का?' असं लिहून त्याच्यापुढे धरली. दत्तोबानं ती दिव्याखाली नेऊन अक्षर अक्षर वाचली.

"लिवायचं कशाला? चालू हुतंय की. आन लिवलं तर सायब काय म्हनत्यात ठावं हाय? आपरेटरला चालवाया येत न्हाई." तो हसला. "देवाचं बी कुनी रजिस्टरात लिवतं का, ताई?"

त्यानं टोपलीतून पत्र्याचा तुकडा उचलला. विजयश्रीची नजर बॉक्सच्या छोट्या पट्टीवर गेली. तिथे झालेल्या ठोक्यांचा आकडा यायचा, आणि अजून एकही ठोका झालेला नव्हता. पट्टीवर चार हजार शहाण्णव दिसत होते.

दत्तोबाचा डावा हात तुकडा घेऊन डायवर, वर थांबलेल्या रॅमच्या खाली चालला होता.

"थांबा. हात घालू नका."

रात्रभर न वापरलेला तिचा आवाज घोगरा आला. मोठाही नव्हता. पण दत्तोबाचा हात होता तिथे थबकला. रॅम हलला नाही. काहीच झालं नाही. शेजारच्या प्रेसवरचा माणूस मान वळवून बघत राहिला.

दत्तोबानं हात मागे घेतला.

"मौन मोडलं की, ताई."

"मोडलं."

"माझ्यापाई?"

तिनं ओढणीचा शेव तोंडाशी धरला आणि सोडून दिला. "हा आकडा बघा," ती म्हणाली.

"हे व्हय? दावतो कवाकवा. हे बटन हाय, पुसून टाकायचं."

"आत सगळीकडे शून्यच होतं. त्यातल्या एका जागी शून्याचा एक झाला, की हे दिसतं. मेमरीला नीट ऐकू आलेलं नाही. आज ठोक्यांच्या मोजणीत झालं. उद्या रॅम किती वेळ वर थांबायचा, त्या आकड्यात झालं तर?"

दत्तोबानं रॅमकडे बघितलं. मग हाताकडे. त्यानं तो हात स्वेटरच्या खिशात घातला.

"मंग आमी करायचं काय?"

"बॉक्स चालू करून पंधरा मिनिटं तसाच ठेवा, गरम होऊ दे. मग बंद करून परत चालू करा, आणि आकडा शून्य असेल तरच पेडलवर पाय. तोवर पत्रा नाही, हात नाही. हे कायमचं नाही. मी नीट करून आणते."

"म्हंजी देवाला पंधरा मिन्टं," तो म्हणाला, पण या वेळी हसला नाही. मग वळून त्यानं पूर्ण शेडला ऐकू जाईल असा आवाज टाकला, "ए, हात काढा रं! आकडा बगा आपापला! आन त्या सुपरवायझरला उठवा कुनीतरी."

सुपरवायझर आला, कुरकुरला, मालकाला फोन लावला. विजयश्रीनं पंधरा मिनिटांचं सगळं त्याला लिहून दिलं आणि खाली मोबाइल नंबर घातला. शेडच्या फटीतून ऊन आत आलं तेव्हा ती निघाली होती.

ऑफिसात येऊन तिनं रिपोर्टसाठी मेमरीच्या तक्त्याची फाइल उघडली. आकड्यांचे स्तंभ बघताच तिचा हात थांबला. हे आकडे तिला ओळखीचे होते. नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, जुन्या ऑफिसात, कूलर बिघडलेला असताना तिनं तीन आठवडे बसून चाळीस बोर्ड मोजले होते. फाइलच्या डोक्यावर तिनं स्वतःचं नाव आणि शेरा लिहिला होता, सगळ्या बोर्डांना चालतं. तेव्हा ते खरं होतं. थंडीत मोजायला मात्र ती कधी बसली नव्हती. त्या सावकाश प्रोसेसरला तसं कारणही पडलं नव्हतं.

आता डोक्यावर ती ओळ नव्हती.

कोणत्या फाइलमध्ये कुणी कधी काय बदललं, त्याची नोंद राहते. तिनं ती उघडली. गुरुवारी संध्याकाळी पाच चाळीसला, म्हणजे फ्रीजचं सगळं झाल्यानंतर, ती ओळ पुसली गेली होती. पुढे कारण लिहिलं होतं, अनावश्यक मजकूर काढला. आणि नाव अंजलीचं.

विजयश्रीनं चष्मा काढून पुसला. अंजलीची खुर्ची रिकामी होती, पाठीवर तिचं निळं जॅकेट लटकत होतं. सात वर्षांपूर्वी कॉलेजातून थेट इथे आलेली, पहिल्याच आठवड्यात, "ताई, तुमचं देवाचं झालं असेल तर माझा बोर्ड जिवंत करा ना," म्हणणारी. पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या बापाची मुलगी, नवस-उपासांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. गुरुवारी मात्र न सांगता विजयश्रीच्या उपासाची खिचडी डब्यातून आणायची. तक्ता नव्या प्रोसेसरवर चढवला तो तिनं, सगळे म्हणणार तिचीच चूक. ते तिला गुरुवारी पाच चाळीसलाही ठाऊक असणार.

चार वाजता विजयश्री रविराजच्या केबिनमध्ये गेली. केबिन डिस्पॅचच्या बरोबर वर होती. खाली गाडी लागली होती, फळीवरून खोकी सरकल्याचा आवाज येत होता.

"तुमचा रिपोर्ट वाचला. कुरुळीच्या मालकाचाही फोन होता," रविराज म्हणाला. "त्याची माणसं पंधरा मिनिटं हात बांधून उभी राहतात म्हणे. तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"मॅडम, तिथे कुणाचा हात तुटला?"

"नाही."

"बोट?"

"नाही सर."

"मग? शिवाय इमर्जन्सी स्टॉप वेगळ्या वायरवर आहे. बॉक्स वेडा झाला तरी तो चालतो."

"स्टॉप दाबायला एक हात मोकळा लागतो."

रविराजनं डोळ्यांवरून हात फिरवला. तो काही वाईट माणूस नव्हता. दोन महिने तो रोज ग्राहकाचा फोन घेत होता, आणि साठ बॉक्सची तारीख त्यानंच कबूल केलेली होती.

"हे बघा, मी विचार केलाय. पहिल्यांदा सुरू नाही झालं, तर बॉक्सनं स्वतःच परत प्रयत्न करायचा. गुपचूप. दुसरं बटन सॉफ्टवेअर दाबेल. दोन ओळींचं काम, अर्ध्या तासात होईल. ऑपरेटरला कळणारही नाही."

"तेच नकोय. आता निदान लाल दिवा दिसतो. मग तोही दिसणार नाही."

"तुमच्यासारख्या देवाधर्माच्या बाईला त्या लोकांचा नमस्कार खुपावा, हे मला खरंच..."

"नमस्कार नाही खुपला सर. मीही केला." तिचा आवाज नेहमीएवढाच होता. "देवाच्या नावावर आपली चूक घालायला मात्र मी तयार नाही. मोजणी चालू करा. बॉक्स साडेतीन सेकंदांत सुरू होईल, प्रत्येक बोर्ड थंडीत तपासून घ्यावा लागेल. दोन आठवडे द्या."

"दोन आठवडे कुठून देऊ?" त्यानं रिलीज फॉर्म तिच्यापुढे सरकवला. मग जरा पुढे वाकून म्हणाला, "एक करा. कारणाच्या रकान्यात लिहा, नवीन प्रोसेसरवर आणताना झालेली चूक, दुरुस्त केली. अंजलीचं नाव घाला. वरच्यांना नाव लागतं, तुम्हाला माहीतच आहे. तिचं मी सांभाळून घेईन. तुमचं नाव कुठेच येणार नाही. आणि खाली सही."

विजयश्रीनं पेन उघडलं. कारणाच्या रकान्यात तिनं एकचा आकडा घालून तिच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं, मेमरीचा तक्ता नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात मी मोजला. थंडीत मोजला नाही आणि सगळ्या बोर्डांना चालतो असा शेरा दिला. पुढे पूर्ण नाव लिहिलं. मंजुरीच्या चौकटीत तिनं 'मंजूर नाही' एवढंच घातलं आणि कागद त्याच्याकडे फिरवला.

रविराजनं तो दोनदा वाचला.

"याचा अर्थ कळतो का तुम्हाला? ही नोंद तुमच्या फाइलला लागते."

"कळतो."

"ठीक आहे. सोमवारपासून तुम्ही या प्रोजेक्टवर नाही. दुसरीकडे काय आहे ते बघू, किंवा नाही बघणार. दुसरा फॉर्म काढतो. अंजली करेल सही."

"मी बसते तोवर," विजयश्री म्हणाली.

"कशाला?"

"आज सूर्य उगवायच्या आत मी चार शब्द बोललेय सर. ते वाया गेलेले मला चालणार नाहीत."

त्यानं फोन करून अंजलीला बोलावलं. ती जॅकेटच्या बाह्या वर करत आली, दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि टेबलावरचा कागद न विचारता उचलला. वाचता वाचता तिची मान लाल झाली.

"ताई, ती ओळ मी काढली होती."

"बघितलं मी."

"मग परत कशाला लिहिलीत?"

"खरी होती."

"खरी होती म्हणून काय झालं? निस्तरलं असतं मी! मी दुसरी नोकरी शोधली असती, माझं वय आहे. तुमचं काय वय आहे का आता इंटरव्ह्यू देत फिरायचं?"

"अंजली, बस खाली," रविराज म्हणाला. "इथे सही कर, विषय संपव. या फॉर्मवर नको, थांब, नवा देतो."

"हाच द्या."

तिनं विजयश्रीच्या हातातलं पेन घेतलं आणि उभ्या उभ्याच पहिल्या ओळीखाली दोनचा आकडा काढला. तिचं अक्षर मोठं आणि तिरपं होतं. तिनं लिहिलं, तक्ता नव्या प्रोसेसरवर मी आणला, भागाकार केला, मोजून बघितला नाही. नाव. मग त्याखाली तिनं तीनचा आकडा घातला आणि पुढे काहीच लिहिलं नाही. कागद रविराजपुढे ठेवून तिनं तो बोटानं सरळ केला.

"हे काय?"

"मोजणी बंद करा, असा मेल आला होता मला. कुणाचा ते तुम्हाला माहीत आहे. माझ्याकडे आहे तो, पण मी जोडणार नाही. तुम्हीच लिहा."

"तुम्ही दोघी मला धमकी देताय?"

"धमकी कसली?" विजयश्री म्हणाली. "सही करायचा अधिकार तुम्हालाही आहे सर. खाली जागा आहे. आम्ही अडवत नाही."

रविराजनं कागद जवळ ओढला. मंजुरीच्या चौकटीत तिनं लिहिलेल्या दोन शब्दांखाली एक सही मावेल एवढी जागा होती. त्यानं खिशातून स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं, बंद केलं. खाली कुणीतरी ओरडलं, "येऊ दे, येऊ दे, बास!" आणि एक खोकं धपकन आपटलं. तो उठला, खिडकीची काच सरकवून बंद केली आणि परत येऊन बसला. आवाज तरी येतच होता.

अंजली दाराला टेकून उभी होती. विजयश्री खुर्चीत ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर. सकाळच्या गारठ्यानं तिचे ओठ उलले होते.

रविराजनं टेबलावरचा फोन उचलला.

"डिस्पॅच? किती चढवली?" तो ऐकत राहिला. "बेचाळीस." त्याची नजर तीनच्या आकड्यावर होती. "उतरवा. हो, सगळी. पावती फाडली असली तरी. कारण?" तो थांबला. "कारण मी लिहून पाठवतो."

फोन ठेवून तो दोघींकडे न बघता म्हणाला, "सोमवारचं मी बदललेलं नाही, मॅडम."

"बरं," विजयश्री म्हणाली, आणि कागदाच्या कडेवर आलेली त्याची चहाची बशी उचलून बाजूला केली, त्याला लिहायला जागा व्हावी म्हणून.